चित्राची पाठ

तक्त्यात सहा रकाने होते. अनुक्रमांक, नाव, माध्यम, आकार, साल आणि शेवटचा ‘कसे प्राप्त झाले’. या शेवटच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत पर्यायही छापले होते : खरेदी, भेट, वारसा, इतर. पहिले पाच रकाने भरायला आम्हाला दोन दुपारी पुरल्या. सहावा मात्र इतके महिने झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

काकांनी मला बोलावलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. चित्रातलं काही कळतं म्हणून नव्हे, हे त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं. एका संग्रहालयाला सरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवायचं होतं आणि सरांची सर्वांत जास्त चित्रं कुणा उद्योगपतीकडे नसून त्यांच्या जुन्या मदतनिसाकडे आहेत, हा शोध संग्रहालयाला उशिरा का होईना लागला होता. काका सरांकडे एकोणीस वर्षं होते. कुणी आलं की सर ओळख करून द्यायचे. मूड चांगला असला तर ‘हा माझा उजवा हात’. नसला तर ‘हा आपला...’ एवढंच म्हणून वाक्य तिथंच सोडायचे. ‘एकोणीस वर्षांत ते वाक्य काही पुरं झालं नाही,’ असं काका हसत सांगतात. मी लहानपणापासून त्यांना ओळखते, पण त्यांच्या घरातल्या आतल्या खोलीत काय आहे ते मलाही नीटसं माहीत नव्हतं. आम्ही तिला अडगळीची खोली समजत होतो.

आत शिरले तर समोर नुसत्या पाठी. सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली, तोंडं भिंतीकडे. तपकिरी पडलेलं कापड, लाकडी चौकटी, गंजलेले खिळे, कोपऱ्यांत ठोकलेल्या पाचरी. टर्पेंटाइन कधीच उडून गेलं होतं, जवसाच्या तेलाचा जुनाट, जरा खवट वास तेवढा खोलीत बसून राहिला होता. मी हौसेनं एकेक चित्र वळवायला लागले तशी काका म्हणाले, ‘अगं, वळवू नकोस सारखी, घासतात एकमेकांना. मी सांगतो, तू लिही.’ आणि स्टुलावर बसून, पाठींकडे बघत सांगू लागले. ‘ती गाठवाली पट्टी आहे ना, ते निळं. त्याच्या पलीकडचं, ज्याला तीनच पाचरी आहेत, ते पावसाचं. चौथी पाचर हरवली ती हरवलीच.’ मला खरं वाटेना. ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी हळूच वाकून, गाल भिंतीला लावून, फटीतून बघितलं. निळंच होतं.

स्टुडिओत एक अलिखित नियम होता म्हणे. सरांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं की त्याकडे बघायचं नाही. ते फसलेलं असेल, मुरायला ठेवलेलं असेल, काहीही असेल. त्यामुळे एकोणीस वर्षांत काकांनी चित्रांचे चेहरे जितके पाहिले त्याच्या कितीतरी पट पाठी पाहिल्या. शिवाय पाठ त्यांचीच होती की. कॅनव्हास ताणायचा कसा हे त्यांनी मला रिकाम्या चौकटीवर हातांनीच दाखवलं. पहिला खिळा एका बाजूच्या बरोब्बर मध्यात, दुसरा समोरच्या बाजूच्या मध्यात, मग उरलेल्या दोन बाजूंचे मध्य. तिथून कोपऱ्यांकडे सरकत जायचं, एक इकडे एक तिकडे, चिमट्यानं ओढत. घाईनं एकच बाजू पुरी करून टाकली की कापड तिरपं ओढलं जातं आणि कोपऱ्यात सुरकुती पडते. ती मग कशानंही जात नाही. ताणून झालं की पाठीवर बोटानं टिचकी मारायची आणि ऐकायचं. मग सरसाचा हात, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग पांढरा थर, घासायचा, परत थर. ‘सरांनी ब्रश उचलायच्या आधी त्या चित्रावर माझे तीन दिवस झालेले असायचे,’ काका म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. आज वार कोणता हे सांगावं तसं सांगितलं.

क्रमांक एक आणि दोन, भेट. मी लिहिलं. तीनवर आले आणि विचारलं, ‘हे?’

‘पगार.’

‘तसं नाहीये काका यात. खरेदी, भेट, वारसा, इतर.’

‘मग इतर लिही आणि पुढं पगार लिही.’ त्या वर्षी सरांची चित्रं विकलीच जात नव्हती. चार महिने पगार नव्हता. एक दिवस सर म्हणाले, त्या ढिगातलं एखादं घेऊन जा, आणि पाठ फिरवून हात धुवायला गेले. ती पाठ फिरवणं काकांच्या अजून लक्षात आहे. म्हणजे निवडताना मला बघायचं नाही, असं सरांना सुचवायचं होतं की काय कोण जाणे. काकांनी सगळ्यात लहान उचललं. मोठं उचललं असतं तर चार महिन्यांपेक्षा जास्त झालं असतं, असा त्यांचा हिशेब. मी ‘पगार’ लिहिलं आणि मनाशी म्हटलं, या छपाईवाल्यांना चार शब्द सुचले, त्यात हा एवढा साधा शब्द कसा सुचला नाही.

बारा नंबरला खरेदी. हे मला सगळ्यात अनपेक्षित होतं. सर वारल्यावर काही वर्षांनी ते चित्र एका दालनात विकायला आलं आणि काकांनी ते हप्त्यांनी घेतलं, चार वर्षं फेडत. गंमत म्हणजे हेच चित्र त्यांनी पूर्वी पहिल्या मालकाच्या घरी खांद्यावरून पोचवलं होतं. जिन्यात वळेना म्हणून कापड चौकटीवरून सोडवून, गुंडाळून वर नेलं आणि तिथंच जमिनीवर बसून परत ताणून दिलं. दालनातल्या तरुण विक्रेत्यानं त्यांना ते चित्र अर्धा तास समजावून सांगितलं. काकांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. ‘म्हटलं, आपण कशाकशाचे पैसे देतोय ते तरी कळेल.’ मी विचारलं, पण हेच का? यापेक्षा चांगली होती की. त्यावर ते उठले आणि ते चित्र त्यांनी आपण होऊन वळवलं. खालच्या उजव्या कोपऱ्याशी, तळहाताएवढ्या जागेत, रंगाला बारीक भेगा गेल्या होत्या, वाळलेल्या तळ्यासारख्या. एके ठिकाणी पापुद्रा सुटून खालचं कापड दिसत होतं. सरस ओला असतानाच त्यांनी वर पांढरा थर दिला होता. घाईत. सरांना तेव्हा कळलं नाही, काकांना कळलं होतं. ‘दुसऱ्याच्या भिंतीवर माझी चूक टांगलेली राहावी असं मला वाटेना,’ ते म्हणाले.

मला संग्राहक या जमातीबद्दल जरा अढीच आहे. भिंतीवर काय आहे यापेक्षा ते कितीला घेतलं आणि आता कितीला जाईल हे आधी सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पण आपली चूक विकत घेणारा संग्राहक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

घरी आल्यावर मी चित्रकारांच्या असल्या मदतनिसांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. लिओनार्दो दा विंचीकडे १४९० मध्ये दहा वर्षांचा एक पोरगा राहायला आला. त्याला सलाई म्हणजे छोटा सैतान हे नाव पडलं. लिओनार्दोनं त्याच्याबद्दल वहीत चार शब्द लिहून ठेवलेत : चोर, खोटारडा, हट्टी, खादाड. त्यानं काय काय लांबवलं याची रकमेसकट नोंद आहे. आणि तरी हा पोरगा पुढची पंचवीसेक वर्षं त्याच्याजवळच राहिला. तो मेल्यावर १५२५ मध्ये त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली तिच्यात ‘जोकोंदा’ म्हणजे मोनालिसा या नावाचं एक चित्र आहे. ते खरं की नक्कल, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. मला तो यादी करणारा कारकून दिसत राहतो. त्याच्यापुढे सहावा रकाना नव्हता, सुटला बिचारा. लिओनार्दोचा दुसरा शिष्य फ्रांचेस्को मेल्झी. त्याला गुरूच्या वह्या आणि कागद मृत्युपत्रानं मिळाले, म्हणजे त्याच्यापुढे ‘वारसा’ हा शब्द बिनधास्त लिहिता येतो. त्यानं पन्नास वर्षं ते कागद जिवापाड सांभाळले. त्याच्यामागं घरच्यांनी ते माळ्यावर टाकले आणि पानं जगभर पांगली. घरच्यांना कागद मिळाले होते, पण ते कागद लिहिले जात असताना त्या खोलीत ते नव्हते.

पण सगळ्यात जास्त अडकून पडले ते लिडिया देलेक्तोर्स्काया या बाईपाशी. सैबेरियात तोम्स्कला १९१० साली जन्मलेली, लहानपणीच पोरकी झालेली, फिरत फिरत फ्रान्समध्ये नीसला आलेली. १९३२ मध्ये ती फ्रेंच चित्रकार आंरी मातिसच्या स्टुडिओत मदतीला लागली, ते एक मोठं भित्तिचित्र पुरं होईपर्यंतच. राहिली ती तो जाईपर्यंत. तीच मॉडेल, तीच चिटणीस, तीच कोठीवाली, आणि पुढे तीच त्याचे हात. १९३५ मध्ये मातिसनं तिला समोर आडवी ठेवून एक मोठं गुलाबी चित्र केलं. मे ते ऑक्टोबर ते चाललं. रोज पुसायचं, रोज बदलायचं. रंगवण्याआधी रंगीत कागदाचे तुकडे कॅनव्हासवर टाचून आकार सरकवून बघायचा. त्या बदलत्या अवस्थांचे बावीस फोटो आजही आहेत. ते ओळीनं बघताना मला वाटलं, मातिसला शेवटचं एक चित्र मिळालं, गिऱ्हाइकालाही तेच एक मिळालं. ती बाई मात्र बावीसच्या बावीस चित्रांत पडून होती, आणि पुसली गेलेली बाकीची फक्त तिला आठवणार होती.

१९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातिसला उभं राहून रंगवणं जड जाऊ लागलं, तेव्हा कात्री आली. मदतनीस कागदावर गुवाश म्हणजे अपारदर्शक जलरंगाचे सपाट हात देऊन ठेवायचे, तो बसून किंवा पडून कापायचा, आणि लिडिया आणि इतर मुली ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावायच्या. जरा वर. जरा डावीकडे. नाही, खाली. परत वर. ते कागद नंतर नीट चिकटवून जगभरच्या संग्रहालयांत गेले. आज जवळून बघितलं तर त्या कडांशी टाचण्यांची बारीक भोकं दिसतात, एकेका पानाला कितीतरी. लोक रंगाकडे बघतात, आणि बरोबरच आहे. पण प्रत्येक भोकामागं एक अंगठा आहे. मातिसच्या अंगठ्याचं एकही भोक त्यात नसावं, असं मला उगाचच वाटतं.

आता यातली मला चटका लावणारी गोष्ट. मातिस तिला चित्रं भेट द्यायचाच. पण युद्ध संपलं त्या १९४५ साली तिनं स्वतःच्या कमाईतून त्याच्याकडून रेखाटनं चक्क विकत घेतली आणि मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयाला देऊन टाकली. ज्याच्या घरी पगारावर राहायचं त्याच्याकडूनच पगाराच्या पैशानं चित्र घ्यायचं. हे वाचलं आणि मला काकांचे चार वर्षांचे हप्ते आठवले. यामागं काय असेल? मागून घेतलं तर उपकार, न मागता घेतलं तर चोरी, आणि दिलं म्हणून घेतलं तर कायमचं ‘हा आपला...’. पैसे मोजले की वाक्य निदान आपल्यापुरतं पुरं होतं. तिला कुठलंच अधिकृत नातं नव्हतं. बायको नाही, मुलगी नाही. मरणाच्या आदल्या दिवशी, ती केस धुवून डोक्याला टॉवेल गुंडाळून आली तेव्हा मातिसनं साध्या बॉलपेननं तिची शेवटची रेखाटनं केली. १९५४ च्या नोव्हेंबरात तो गेला आणि ती लगेच घर सोडून निघाली, पंधरा वर्षं भरून तयार ठेवलेली बॅग घेऊन. पंधरा वर्षं! तिच्याजवळ जे होतं ते तिनं पुढच्या काळात रशियातल्या संग्रहालयांना देत देत संपवलं.

दुसऱ्या टोकाच्या गोष्टीही वाचल्या, त्या वगळून हे लिहिणं बरं नव्हे. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स याच्याकडे एक सहायक सत्तावीस वर्षं होता. त्यानं स्टुडिओतल्या एका खणातली, जॉन्सनं पुरी न केलेली किंवा विकायची नाहीत असं ठरवलेली बावीस कामं बाहेर काढली आणि ‘मला भेट मिळाली’ असं लिहून देऊन विकली. पासष्ट लाख डॉलर आले. २०१५ मध्ये त्याला दीड वर्षाची कैद झाली. पिकासोच्या घरी वीजकाम करणाऱ्या एका माणसानं चाळीसेक वर्षं गॅरेजमध्ये ठेवलेली २७१ कामं २०१० मध्ये उजेडात आणली. आधी म्हणाला, भेट दिली. नंतर न्यायालयात वेगळंच सांगितलं : पिकासो गेल्यावर त्याच्या बायकोनंच पिशव्या ठेवायला दिल्या होत्या. चोरीचा माल बाळगल्याबद्दल त्याला आणि त्याच्या बायकोला निलंबित शिक्षा झाली. म्हणजे रकान्यात ‘भेट’ लिहिणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात संशयास्पदही. ज्यानं दिलं तो बहुधा हयात नसतो, दिलं तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. बंद खोलीत दोन माणसं होती, त्यातला एक आता बोलणार नाही.

हे सगळं वाचून मी तिसऱ्या दुपारी गेले. वाचायला नको होतं.

क्रमांक एकोणतीस. कागदावर कोळसा. दाराशी बसलेली एक बाई, मान खाली. ते रेखाटन मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, कारण तेवढं एकच फ्रेम करून दाराच्या मागच्या भिंतीला टांगलेलं होतं. आता नीट बघितलं तर त्याच्या मधून उभी एक आणि आडवी एक अशा फाटल्याच्या रेघा जात होत्या. बाईचा खांदा एका तुकड्यात, हात दुसऱ्यात, आणि जिथं चारही तुकडे भेटतात तिथं कोळसा पुसून करडा डाग झालेला. सरांनी ते फाडून टोपलीत टाकलं होतं. काकांनी तुकडे सदऱ्याच्या आत घालून घरी आणले, पातळ कागदाच्या पट्ट्या खळीनं मागून लावून जोडले. दोन रात्री लागल्या. खळ जास्त झाली की कागद फुगतो आणि कमी झाली की पट्टी सुटते, असं ते सांगत होते. मी लिहिता लिहिता थांबले आणि विचारलं, ‘सरांना माहीत होतं?’

प्रश्नात काहीच वावगं नव्हतं. आवाजात होतं. तो माझा मलाच ऐकू आला. एखाद्याच्या घराची झडती घेताना पडतो तसला आवाज. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्टुलावर बसून ते तळहातानं गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, ‘टोपली रिकामी करायचं काम माझंच होतं.’

एवढंच. हे उत्तर होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. टाकलेलं चित्र सरांचं राहतं का? त्यांना ते जगात नको होतं, हे तर उघड आहे. जॉन्सच्या खणातली ती कामं आणि ही टोपली यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी ‘काकांनी ते विकलं नाही’ एवढंच म्हणू शकेन, आणि ते पुरेसं नाही हे मलाही कळतं. आज ते प्रदर्शनात लागलं तर सरांनी फाडलेली गोष्ट शेकडो लोक बघतील. दुसरीकडे हेही खरं, की माझ्या अडाणी नजरेला त्या सगळ्या ढिगात तेच एक चित्र जिवंत वाटलं होतं. आणि तिसरं, जे मी कुणाला बोलले नाही : ते फाटलेलं नसतं तर मला तितकंच आवडलं असतं का, याची मला खात्री नाही. मी एकोणतीसपुढचा रकाना कोरा सोडला. उरलेली आठ चित्रं आम्ही भराभर संपवली, एकमेकांशी फारसं न बोलता.

पंधरा दिवसांनी संग्रहालयातून फोन आला. बाई सौजन्यानं बोलत होत्या. एका ठिकाणी नोंद राहिली आहे, तेवढी सांगता का? मी काकांना फोन लावला. ‘काय लिहू?’ बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, ‘ते यादीतून काढ. छत्तीस लिही.’ मी छत्तीस लिहिलं, खालचे आकडे खोडून दुरुस्त केले, सुरेख अक्षरात.

चित्रं न्यायला गाडी आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. नेणारी मुलं हातमोजे घालून आली होती. काका त्यांच्यामागं मागं, चौकट कुठं धरायची ते सांगत. कापडाला बोटं लावू नका, कडेनं धरा, मधल्या पट्टीला नको. पोरं हसून ‘हो काका’ म्हणत होती आणि आपल्याच पद्धतीनं धरत होती. खोली रिकामी झाली. भिंतींवर जिथं चौकटी टेकत होत्या तिथं तेलकट रेघा तेवढ्या उरल्या.

मी दाराच्या मागं बघितलं. फ्रेम तिथंच होती, पण उलटी टांगलेली, तोंड भिंतीकडे करून. मागचा पुठ्ठा काढलेला होता, त्यामुळे कागदाची पाठ दिसत होती. दोन रात्री बसून लावलेल्या त्या पट्ट्या, पिवळ्या पडलेल्या, एक उभी आणि एक आडवी. सुरकुती कुठंच नव्हती. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. फ्रेम डावीकडे किंचित कलली होती, ती त्यांनी बोटानं सरळ केली, मागं होऊन बघितलं, आणि परत केसभर हलवली.